प्रस्तावना: भीत भीत दिलेली साक्ष

हे पुस्तक कोणासाठी आहे ते आधी सांगायला हवं. मंडळीत उभं राहून ज्यांना साक्ष देता येते, प्रार्थना करताना ज्यांचे शब्द अडत नाहीत, त्यांनी ते जरूर वाचावं. पण लिहिलं आहे ते दुसऱ्यांसाठी. प्रभू येशूवर मनापासून विश्वास आहे, रोज पहाटे नवा करार उघडला जातो, घरावर संकट आलं तेव्हा आपल्याला कोणी धरून ठेवलं हे पक्कं ठाऊक आहे, आणि तरी शेजारणीनं सहज काही विचारलं की तोंडाला कोरड पडते, अशी माणसं आपल्या मंडळ्यांत खूप आहेत. त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एक तर 'तुमचा विश्वास कमी पडतो' हा ठपका येतो, नाहीतर पाठ करायची चार वचनं आणि तयार उत्तरांची चोपडी. ठपक्यानं माणूस आणखी गप्प होतो. तयार उत्तरं घेऊन गेलेला माणूस पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला गडबडतो आणि पुन्हा कधी तोंड उघडत नाही.

पुस्तकाची सुरुवात चिरगाँवातून आलेल्या एका प्रश्नानं झाली. झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की तीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. हिंदी वाचणाऱ्यांना ते मैथिलीशरण गुप्तांचं गाव म्हणून ठाऊक असतं. ते १८८६ साली इथेच जन्मले, आणि त्यांच्या पुस्तकांवर 'साहित्य सदन, चिरगाँव (झाँसी)' हा प्रकाशनाचा पत्ता छापलेला असे. एवढ्याशा गावातून छापून गेलेलं अक्षर सगळ्या उत्तर हिंदुस्थानानं वाचलं. मराठी माणसाला हा मुलूख जवळचा वाटतो तो वेगळ्या कारणानं. छत्रसालानं बाजीरावाला दिलेल्या वाट्यापासून नेवाळकरांच्या झाशीपर्यंत इथे मराठी घराणी नांदली, आणि नोकरीपेशाची मराठी माणसं आजही येत-जात असतात. रेल्वे, दवाखाने, शाळा. त्यांत एखाददुसरं घर ख्रिस्ती असतं. रविवारी झाशीला जाणं जमलं नाही तर घरातच चटई टाकून उपासना होते, मराठी भजनं म्हटली जातात, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली जाते.

अशाच एका घरातली बहीण गच्चीवर वाळवण राखत बसली होती. शेजारची बाई मूगवड्यांचं ताट घेऊन वर आली, ताट उन्हात ठेवलं आणि म्हणाली, "काए दीदी, रविवारी तुमच्याकडे गाणी चालतात, ती कोणाची?" विचारण्यात काही खोच नव्हती. बहीण म्हणाली, "काही नाही हो, असंच, देवाची," आणि लगेच मुगाच्या भावावर बोलू लागली. शेजारीण थोडा वेळ थांबली, मग खाली गेली. त्या रात्री आमच्या बहिणीला झोप लागली नाही. तिनं नंतर आम्हाला विचारलं ते असं: "मला भीती वाटली हे खरं. पण नुसती भीती असती तर मी ती गिळली असती. माझ्याच मनात कितीतरी गोष्टी अजून उलगडलेल्या नाहीत. मग दुसरीला मी काय तोंडानं सांगू?"

तिचं बोलणं ऐकल्यावर मला तिच्याच मुलखातला एक माणूस आठवला. या पुस्तकाचा गाभा म्हणजे तोच माणूस आहे, म्हणून त्याची ओळख जरा सविस्तर करून देतो.

नीलकंठशास्त्री गोरे यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५चा, झाशीच्या बाजूच्या काशीपुरा नावाच्या खेड्यातला. घराणं कोकणस्थ ब्राह्मण. आजोबा बांद्याच्या नवाबाच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर होते; पुढे कुटुंब बनारसला स्थिरावलं आणि नीलकंठ तिथे शास्त्रं शिकून तयार झाले. वय विशीच्या आत-बाहेर, बुद्धी धारदार, आणि ख्रिस्ती मिशनरी घाटांवर येऊन आपल्या धर्माला नावं ठेवतात याचा संताप. त्याच सुमाराला जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारा ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिला होता, १८३९ साली. त्याला उत्तरं देणाऱ्या पंडितांत सिहोरचे सुबाजी बापू होते आणि आमचे नीलकंठशास्त्रीही होते. त्यांच्या उत्तराचं नाव 'शास्त्रतत्त्वविनिर्णय'. म्हणजे ज्याला आपण आज मराठी ख्रिस्ती परंपरेतला एक थोर साक्षीदार मानतो, तो मैदानात उतरला तो समोरच्या बाजूनं, पूर्ण तयारीनिशी.

बनारसच्या चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे ते वाद घालायला जात. स्मिथांचा मोठेपणा असा की त्यांनी या तरुणाला दार बंद केलं नाही. तो पुन्हा पुन्हा आला, त्यांनी पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं, वाचायला शुभवर्तमान दिलं. डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर शास्त्रीबुवांच्या तर्काची धार पहिल्यांदा स्वतःकडे वळली. पुढची वाट सोपी नव्हती. घर, जात, कीर्ती, बायको, सगळं पणाला लागणार होतं. १४ मार्च १८४८ रोजी बनारसपासून लांब, जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नहेम्या हे नाव धारण केलं. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, पण १८५३ साली मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात वारल्या. ती मुलगी, एलन लक्ष्मी, परक्या घरी इंग्लंडात वाढली आणि मोठी झाल्यावर भारतात सेवेसाठी परत आली. तिची इंग्रजी भक्तिगीतं पुष्कळ मंडळ्यांत गायली गेली. परक्या घरी वाढली, या शब्दांत बापलेकीचं जे दुःख दडलं आहे ते मला कधीच सहज वाचता आलेलं नाही.

इथवरची गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते. विद्वान ब्राह्मण वाद घालायला आला, हरला, ख्रिस्ती झाला, मग आयुष्यभर ठाम उभा राहिला. यातला शेवटचा भाग खरा नाही, आणि या पुस्तकाला नेमका तोच भाग हवा आहे. गोऱ्यांच्या मनातल्या शंका बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेल्या नाहीत. पवित्र शास्त्राला प्रमाण काय, सार्वकालिक शिक्षेची शिकवण न्यायी देवाशी जुळते कशी, अशा प्रश्नांनी ते वर्षानुवर्षं पोळत राहिले. एक शंका शमवावी तर दुसरी उभी राही. आपण पाळकपदाला लायक आहोत का या घोळातच इतकी वर्षं गेली की बाप्तिस्म्यानंतर वीस वर्षांनी, १८६८मध्ये, त्यांनी डीकनची दीक्षा घेतली. ऑक्सफर्डजवळच्या काउलीच्या बंधुसंघात ते उमेदवार म्हणून राहिले, पण अखेरची व्रतं त्यांनी घेतली नाहीत. त्यांच्या चरित्रात हे सगळं काही झाकून न ठेवता आलेलं आहे. २९ ऑक्टोबर १८९५ रोजी मुंबईत त्यांचं देहावसान झालं, तोवर ते तर्क करत होते आणि प्रार्थना करत होते, दोन्ही एकाच तळमळीनं.

आणि असा माणूस गप्प बसला का? बनारस, इंदूर, पुणे, मुंबई, जिथे गेले तिथे ते बोलत राहिले. १८६० साली 'षड्दर्शनदर्पण' हा हिंदी ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि दोनच वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतर झालं. ब्राह्मोसमाजातल्या मंडळींना पत्रं लिहिली, प्रार्थनासमाजाच्या विद्वानांशी चर्चा केल्या. त्यांच्या खंडनाच्या ग्रंथांविषयी माझं मत थोडं वेगळं आहे. त्यांत विद्वत्ता अफाट आहे, पण दुसऱ्याचं घर पाडून आपलं उभं करायची ती रीत त्या काळाची होती, आणि ती आज कोणी गिरवू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांनी सर्वांत मोठं काम केलं ते समोरासमोर बसून.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. नवरा गेलेला, कडेवर लेक मनोरमा. संस्कृतावर असं प्रभुत्व की कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हटलं. अशा बाईला पढवलेली उत्तरं देऊन काय उपयोग? पुण्यात गोरे त्यांना भेटत, बोलत, दोन्ही धर्मांत फरक कुठे आहे ते सांगत. रमाबाई इंग्लंडला गेल्यावरही पत्रांतून हा संवाद चालू राहिला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आपल्या मनावर खरा परिणाम झाला तो या वृद्ध पाद्र्याच्या नम्र आणि मृदू बोलण्याचा, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. इथे एवढंच बघा: रमाबाईंसारख्या कडक परीक्षक बाईला पटला तो असा माणूस, ज्याला प्रत्येक शंका आतून माहीत होती. तिचा एखादा आक्षेप ऐकून तो दचकला नसेल, कारण तो आक्षेप त्यानं स्वतः आदल्या रात्री देवापुढे मांडलेला असणार. बिनशंकेचा माणूस तिच्यापुढे फार वेळ टिकला नसता असं मला वाटतं. पुढे याच रमाबाईंनी वाँटेजच्या सिस्टरबाईंशी मतभेद मांडताना आपल्या सदसद्विवेकाचा हक्क सोडला नाही, आणि त्याच बाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं करून, मूळ भाषा शिकून, सगळं बायबल साध्या मराठीत आणलं.

म्हणून चिरगाँवच्या बहिणीला पहिलं उत्तर हे: मनातलं सगळं उलगडेपर्यंत थांबायचं म्हटलं तर नीलकंठशास्त्र्यांनी मरेपर्यंत तोंड उघडायला नको होतं. आपला भरवसा आपल्या खात्रीवर नाही, ज्यानं आपल्याला धरलं आहे त्याच्यावर आहे. हे दोन वेगळे आधार आहेत. पहिला आधार साधा ताप आला तरी हलतो.

शास्त्र याबद्दल किती मोकळेपणी बोलतं हे आपण विसरतो. पौलानं करिंथकरांना लिहिताना स्वतः सांगितलं आहे की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, भ्यालेलो होतो, थरथरत होतो. मोशेनं आपली जीभ जड असल्याची सबब देवापुढे मांडली. शोमरोनी बाई विहिरीवर घागर टाकून गावात धावली, तिच्याजवळ सिद्धांत नव्हता. तिनं गावकऱ्यांपुढे एक प्रश्नच ठेवला, हाच ख्रिस्त असेल का, आणि त्या प्रश्नामागून गाव बाहेर आलं. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान धमकी खाऊन सुटतात तेव्हा मंडळी काय मागते ते पाहा. धमक्या बंद कर, असं ती म्हणत नाही. धमक्यांकडे लक्ष दे आणि आम्हाला बोलायचं धैर्य दे, असं म्हणते. धैर्य मागावं लागतं याचा अर्थ ते त्यांच्याजवळ आधीपासून नव्हतं. या पुस्तकाचा पहिला धडा आम्ही याच अध्यायावर ठेवला आहे.

भीतीचा दुसरा भाग मात्र मनातला नाही, बाहेरचा आहे, आणि त्याला हलकं लेखणं बरं नव्हे. मार्च २०२१मध्ये दिल्लीहून ओडिशाकडे निघालेल्या दोन नन आणि त्यांच्यासोबतच्या दोन तरुणींना धर्मांतराच्या संशयावरून झाशी स्टेशनवर गाडीतून उतरवलं गेलं. चौकशीत त्या तरुणी जन्मानंच ख्रिस्ती असल्याचं दिसलं आणि सगळ्यांना सोडून दिलं. पण त्या संध्याकाळची बातमी झाशीच्या परिसरातलं प्रत्येक ख्रिस्ती घर ओळखतं. खिडकी लावून भजन म्हणणाऱ्यांना भित्रे म्हणण्याआधी ती आठवावी.

म्हणून कायदा काय म्हणतो हे प्रत्येकाला ठाऊक हवं. राज्यघटनेच्या २५व्या कलमानं धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. प्रसाराचा शब्द ठेवावा की वगळावा यावर ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत जोरदार वाद झाला, आणि कन्हैयालाल मुन्शी, टी. टी. कृष्णम्माचारी यांच्यासारख्या हिंदू सभासदांनी तो राखायच्या बाजूनं मत मांडलं. ही गोष्ट आपण कृतज्ञतेनं लक्षात ठेवावी. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क यात येतो, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. उत्तर प्रदेशात २०२१च्या कायद्यानं जबरदस्ती, फसवणूक, आमिष, दडपण यांनी केलेलं धर्मांतर गुन्हा ठरतं, आणि धर्म बदलू पाहणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. २०२४च्या दुरुस्तीनं शिक्षा पुष्कळ वाढल्या आणि तक्रार कोणीही नोंदवू शकतो असं झालं. या कायद्याचा धाक निरपराध माणसालाही बसतो, हे मला अन्यायाचं वाटतं आणि तसं म्हणायला मी कचरत नाही. पण आमिषाची गोष्ट निघाली की मी थांबतो. कारण कायदा नसता तरी सुवार्तेला आमिषाची जोड देणं हे पाप आहे. भुकेल्याला भाकरी द्यायची ती तो भुकेला आहे म्हणून. औषध द्यायचं ते दुखतं म्हणून. त्याच हातात पत्रक द्यायचं नाही.

हे आपल्या लोकांना फार आधी कळलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. ख्रिस्ताचं नाव पगारापासून, परदेशी थाटापासून सुटं होऊन कीर्तनातून, अभंगातून लोकांसमोर यावं ही त्यांची धडपड होती. दोन वर्षांनी ते गेले. काम अर्धवट राहिलं. तरी मराठी ख्रिस्ती माणूस आज आपल्या भाषेत देवाशी बोलतो त्यात त्या अर्धवट कामाचा वाटा मोठा आहे.

टिळकांपर्यंत सुवार्ता आली कशी, तेही पाहण्यासारखं आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं कवितेवरून निघालं. त्यानं टिळकांचं ऐकून घेतलं, नवा करार हातात दिला, वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही बोलून गेला. टिळकांना ते अशक्य वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थाचं नाव टिळकांनी विचारलं नव्हतं, त्यानंही यांचं विचारलं नव्हतं. आपण काय करून गेलो हे त्याला कधी कळलं असेल असं वाटत नाही. त्यानं एक प्रवास केला, एका सहप्रवाशाकडे लक्ष दिलं, जवळचं पुस्तक दिलं, स्टेशन आलं तसा उतरला. फळ मोजायची आपल्याला जी घाई असते, ती या माणसाला नव्हती, आणि म्हणूनच कदाचित त्याची वाणी इतकी मोकळी राहिली.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कथा याच्या उलट बाजूची आहे, आणि घरच्यांपुढे साक्ष देताना ज्यांना राग येतो त्यांनी ती जरूर वाचावी. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या कितीतरी काळ वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळं पाळत राहिल्या. टिळकांसारख्या तापट माणसानं या एका बाबतीत बळजबरी केली नाही. जातिभेद देवानं केलेला नाही हे लक्ष्मीबाईंना एके दिवशी आपलं आपल्याला उमगलं, तिथून त्यांचं मन हळूहळू वळलं, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या इच्छेनं बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त हा सगळा प्रवास आहे. उपदेश शोधूनही सापडायचा नाही, आणि मराठीत इतकी प्रभावी साक्ष दुसरी झालेली नाही.

आता पुस्तकाविषयी थोडं. धडे लहान आहेत, कारण ते स्वयंपाकघरात, ड्युटीवरून आल्यावर, मुलं झोपल्यावर वाचले जाणार आहेत. एकट्यानं वाचू नयेत. दोघांनी वाचावेत, शक्यतो मोठ्यानं. दुसऱ्याच्या शंकांना उत्तरं देण्याआधी आपल्या स्वतःच्या शंका लिहून काढायला सांगणारा धडा दुसराच आहे. तो गाळावासा वाटेल, गाळू नये. तिसऱ्या धड्यात एक काम दिलं आहे: आपली गोष्ट पाच वाक्यांत, मंडळीत वापरतो ते शब्द न वापरता, शेजाऱ्याला कळेल अशा भाषेत सांगायची. तारण, अभिषेक, पुनरुज्जीवन हे शब्द आपल्याला प्रिय आहेत, पण गच्चीवर वड्या वाळत घालणाऱ्या बाईला त्यांतून काही पोहोचत नाही. आणि चिरगाँवला असाल तर ही पाच वाक्यं हिंदीतही करून ठेवा. आपल्याकडे भजन मराठीत आणि शेजार बुंदेलीत, एवढ्या एका गोष्टीनंही कितीतरी साक्षी अडून राहिल्या आहेत.

पेत्रानं विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सिद्ध राहायला सांगितलं, आणि ते सौम्यतेनं, आदरानं द्या म्हटलं. त्यात विचारणं आधी येतं. न विचारलेल्याच्या गळी काही उतरवायचं नाही. समोरचा म्हणाला की आज पुरे, तर तिथेच थांबायचं, विषय बदलायचा, आणि पुढच्या वेळी पूर्वीसारख्याच प्रेमानं त्याच्या घरी जायचं, त्याच्या सणाचा फराळ खायचा, आपल्या नाताळाचा पाठवायचा. तो कधीच विचारणार नाही अशीही शक्यता आहे. शेजारधर्म तेव्हाही तितकाच पाळायचा.

ज्या बहिणीच्या प्रश्नातून हे धडे झाले तिनं ते सगळ्यांत आधी वाचले आणि दोन ठिकाणी आम्हाला अडवलं. एका जागी आम्ही भीतीला पाप म्हटलं होतं, ते तिच्या सांगण्यावरून काढलं. दुसऱ्या जागी शेजाऱ्याशी बोलण्याचा एक नमुना दिला होता. ती म्हणाली, असं कोणी बोलत नाही. त्या पानावर आता नमुना नाही, कोरी जागा आहे. ती वाचणाऱ्यानं आपल्या अक्षरात भरायची आहे.